रणगाडा-छायाचित्रे, जर्मन (दुसरे महायुद्ध)

दुसऱ्या महायुद्धात (1939–45) जर्मन रणगाडा दलांतील सैनिकांची काढली गेलेली छायाचित्रे, त्यांचा संग्रह आणि त्यांवरून स्थळ, काळ, तुकडी व व्यक्ती ठरविण्याची पद्धती यांचा या नोंदीत विचार केला आहे. रणगाड्यांच्या रचनेसाठी पहा : रणगाडा.

उगमानुसार या छायाचित्रांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग 1938 पासून उभारलेल्या प्रचार-तुकड्यांतील छायाचित्रकारांचा. त्यांच्या फिल्म सेन्सॉरच्या हाताखालून जात आणि निवडक चित्रे वृत्तपत्रांना मिळत. या साठ्यातील दहा लाखांहून अधिक निगेटिव्ह कोब्लेंझच्या बुंडेसआर्खिव या संघीय अभिलेखागारात आहेत. डिसेंबर 2008 मध्ये या संस्थेने आपल्या एकूण संग्रहातील 80 हजारांवर चित्रे विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहाच्या संकेतस्थळावर खुली केली. मूळ मथळे तसेच ठेवले असून ते चुकीचे वा पक्षपाती असू शकतात, अशी सूचना त्यांसोबत दिलेली असते. पुष्कळ वापरणारे ती वाचत नाहीत. दुसरा वर्ग सैनिकांनी स्वतः काढलेल्या वा स्टुडिओत काढवून घेतलेल्या चित्रांचा. ही चित्रे घरच्या अल्बममध्ये राहिली. पुढे वारसांकडून ती बाजारात आली, तेव्हा अल्बम फोडून एकेक चित्र विकणे विक्रेत्यांना फायद्याचे ठरले. संशोधनाचे सर्वांत मोठे नुकसान यानेच झाले आहे. पाठीमागे मजकूर नसलेले सुटे चित्र कोणत्या रेजिमेंटचे, हे पुष्कळदा आधीच्या व नंतरच्या पानांवरूनच कळते.

कालनिश्चिती : चित्रातील लोखंड आणि कापड यांवरून काळ ठरविणे मथळ्यापेक्षा भरवशाचे मानले जाते. पोलंडच्या मोहिमेत (1939) रणगाड्यांवर भरीव पांढरे क्रूस होते. शत्रूच्या तोफांना ते नेमके लक्ष्य ठरू लागल्यावर सैनिकांनी ते चिखलाने माखले किंवा मधला भाग रंगविला. पुढील मोहिमांत बाह्यरेषेचे क्रूस रूढ झाले. 1941 च्या रशियातील चित्रांत ‘जी’ हे अक्षर दिसल्यास वाहन जनरल गुडेरियनच्या, ‘के’ दिसल्यास जनरल क्लाइस्टच्या रणगाडा-गटातले समजतात. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून दिलेला झिमरिटचा खरबरीत लेप कारखान्यांत साधारणतः 1943 च्या उन्हाळ्याअखेरीपासून सप्टेंबर 1944 पर्यंत लावला जात असे. टायगर रणगाड्यावर ढोलासारखा उभट कमांडर-घुमट असेल, तर तो सामान्यतः जुलै 1943 पूर्वीच्या बांधणीचा. अर्थात यांवरून वाहनाच्या बांधणीचा काळ कळतो. चित्र त्यानंतर कितीही महिन्यांनी काढलेले असू शकते.

रंगाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. युद्धारंभीचे जर्मन रणगाडे एकरंगी गडद करडे होते, असे जुन्या ग्रंथांत सर्रास आढळते, आणि कृष्णधवल चित्रे या मताला पुष्टी देतात असे दीर्घकाळ वाटत होते. टॉमस जेंट्झ व हिलरी डॉइल या रणगाडा-इतिहासकारांनी मूळ लष्करी आदेश तपासून असे दाखविले, की त्या काळात दोन-तृतीयांश करडा व एक-तृतीयांश गडद तपकिरी अशी रंगसंगती विहित होती आणि 31 जुलै 1940 च्या आदेशानेच केवळ करडा रंग ठेवला गेला. दोन्ही रंग जवळजवळ सारख्याच छटेचे असल्याने फिल्मवर ते एकजीव होतात. धूळ बसली की उरलासुरला फरकही जातो. चांगल्या प्रकाशात घेतलेल्या मूळ प्रतींवर पट्टे अस्पष्ट दिसतात, छापील पुस्तकांतल्या प्रतींवर बहुधा दिसत नाहीत. प्रत्येक तुकडीने आदेश कितपत पाळला याविषयी मतभेद संभवतात. तरी आदेशांचा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. 18 फेब्रुवारी 1943 च्या आदेशाने गडद पिवळा हा मूळ रंग झाला व हा पेच त्या अर्थाने संपला.

गणवेश : रणगाडा दलाचा आखूड काळा डगला 1934 चा. त्याच्या कॉलरपट्टीवर कवटीचे चिन्ह असे. काळा रंग आणि कवटी एकत्र पाहून विक्रेते कोणतेही चित्र ‘एसएस’चे (नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचे) म्हणून खपवितात व किंमत वाढवितात. भूसेनेचे गरुडचिन्ह उजव्या छातीवर, तर वाफेन-एसएसचे (एसएसच्या लढाऊ शाखेचे) डाव्या दंडावर असते. एवढे पाहिले तरी बरेचसे घोटाळे टळतात. गुलाबी किनार रणगाडा दलाची आणि लाल तोफखान्याची, पण कृष्णधवल चित्रात हा भेद करणे अवघड. जाड गोल टोपी सुमारे 1941 नंतर क्वचितच दिसते. 20 डिसेंबर 1939 ला सुरू झालेले रणगाडा-युद्धचिन्ह छातीवर असेल, तर चित्र त्यापूर्वीचे असू शकत नाही.

बनावट प्रती ओळखण्यासाठी अतिनील दिवा वापरतात. छायाचित्र-कागदात उजळक द्रव्ये 1950 च्या दशकात आली, त्यामुळे निळसर चमकणारी प्रत युद्धकालीन नव्हे. न चमकणारी प्रत मात्र आपोआप अस्सल ठरत नाही, कारण जुना कोरा कागदही मिळतो.

चित्राचा अर्थ लावणे हे त्याच्या अस्सलपणाहून वेगळे काम आहे. रणगाडा-कमांडर मिखाएल विटमान (वाफेन-एसएस) आणि त्याचे सहकारी टायगरसमोर उभे असलेले जानेवारी 1944 चे चित्र प्रसिद्ध आहे. तोफेच्या नळीवर 88 कडी रंगविलेली आहेत. ही कडी नष्ट केलेल्या शत्रू-रणगाड्यांविषयीच्या जर्मन बाजूच्या दाव्यांची नोंद होय, पडताळलेल्या संख्येची नव्हे. आणि विटमान व त्याचा तोफची वोल यांना त्याच महिन्यात नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक मिळाले, हे लक्षात घेता चित्राचा प्रचारहेतू उघड आहे. हाम्बुर्ग येथील सामाजिक संशोधन संस्थेचे जर्मन सैन्याच्या युद्धकालीन गुन्ह्यांवरील छायाचित्र-प्रदर्शन (1995) काही चित्रांचे श्रेय चुकल्यामुळे 1999 मध्ये मागे घ्यावे लागले व 2001 मध्ये नव्या स्वरूपात आले. सैन्य गुन्ह्यांत सामील होते, हे प्रदर्शनाचे मूळ प्रतिपादन मात्र चौकशी समितीने नाकारले नाही. संग्राहकांच्या वर्तुळात या प्रकरणातील पहिलाच भाग अधिक सांगितला जातो.

व्यक्तींची ओळख पटविण्यासाठी फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारातील युद्ध-रोजनिशा आणि बर्लिनमधील सैनिक-माहिती कार्यालयाचे दप्तर (2019 पासून बुंडेसआर्खिवमध्ये विलीन) उपयोगी पडते. जर्मन रेडक्रॉसच्या बेपत्ता सैनिकांच्या सचित्र याद्यांशीही चेहरे ताडून पाहतात. जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ नुसार नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनास बंदी असून संशोधन व शिक्षण यांना सूट आहे. म्हणून विक्रीच्या चित्रांत स्वस्तिकावर पट्टी चिकटविलेली आढळते.