काट्याने फक्त वजन सांगावे: इव्हेंट रेज करण्यामागचा इतिहास

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी काट्यावर चढली की आकडा आधी नाचतो, मग थांबतो. तो थांबला की पावती छापायची, शेतकऱ्याच्या खात्यावर नोंद करायची, बाहेरच्या फलकावर वजन झळकवायचे. हे सॉफ्टवेअर लिहिणारा नवखा प्रोग्रामर तिन्ही कामे 'वजनकाटा' या क्लासातच, म्हणजे काट्याचा डेटा आणि कामे एकत्र बांधणाऱ्या कोडच्या साच्यातच, कोंबतो. उद्या मालकाला मोबाइलवर मेसेज हवा झाला, की पुन्हा काट्याचा कोड उघडा. त्यापेक्षा काट्याने 'वजन स्थिर झाले' एवढा इव्हेंट रेज करून, म्हणजे 'अमुक घडले' अशी हाक देऊन, मोकळे व्हावे; ज्याला गरज असेल त्या कोडने ती ऐकून आपले काम करावे. तोही प्रत्येक हलत्या आकड्याला नव्हे. नेमका कधी, हे क्लास लिहिणाऱ्याने ठरवायचे. स्वतः इव्हेंट रेज करण्याचा खरा फायदा हाच.

क्लास आणि ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेली वस्तू) आले ऑस्लोच्या सिम्युला 67 या प्रोग्रामिंग भाषेतून, म्हणजे सिम्युलेशनच्या, खऱ्या व्यवहाराची संगणकावर नक्कल करण्याच्या, कामातून. 'मी बदललो, ज्याला गरज असेल त्याने बघावे' ही सोय मात्र झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातल्या स्मॉलटॉक भाषेने रुळवली. तिथे ऑब्जेक्ट स्वतःलाच 'चेंज्ड' असा मेसेज पाठवी आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांना 'अपडेट' पोचे. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी 1979 मध्ये मांडलेली मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर रचना (डेटा, त्याचे दृश्य आणि वापरकर्त्याच्या आज्ञा वेगळ्या ठेवणारी) स्मॉलटॉक-80 मध्ये याच यंत्रणेवर चालली.

आपल्याकडे अनेकांना इव्हेंट भेटले ते व्हिज्युअल बेसिकमध्ये. 1991 पासून बटणाच्या 'क्लिक'खाली कोड लिहिता येई, पण रेज करायचा मान बटणाचा. आपला क्लास मुकाच. 1997 मध्ये व्हिज्युअल बेसिक 5 ने 'रेजइव्हेंट' दिले आणि त्याला वाचा फुटली. त्याच वर्षी जावा 1.1 मध्ये लिसनर, म्हणजे इव्हेंट ऐकणारे ऑब्जेक्ट, आले.

2002 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटसोबत आलेल्या सी शार्प भाषेने एक कुंपण घातले, आणि मला ते सगळ्यांत मोलाचे वाटते: इव्हेंट कोणीही ऐकावा, पण रेज करील फक्त तो जाहीर करणारा क्लास. नाहीतर कोणीही बाहेरून 'वजन स्थिर झाले' म्हणेल आणि रिकाम्या काट्यावर पावती निघेल. काटा मारायची सोय निदान कोडमध्ये तरी नको!

सी शार्पची एक खोड पुष्कळ वर्षे छळत राहिली. ऐकणारे कोणीच नसेल तर व्हिज्युअल बेसिकचे 'रेजइव्हेंट' गुपचूप पुढे जाई. सी शार्पमध्ये मात्र इव्हेंट नल, म्हणजे ऐकणाऱ्याविना रिकामा, तर नाही ना हे आधी तपासावे लागे, नाहीतर प्रोग्राम कोसळे. 2015 च्या सी शार्प 6 मध्ये प्रश्नचिन्ह-टिंबाने (?.) ते एका ओळीत आले. दुसरी अडचण अजून तशीच आहे: फलकाचा फॉर्म बंद केला, पण त्याचे नाव काट्याच्या ऐकणाऱ्यांच्या यादीतून काढले नाही, तर तो मेमरीत बसून राहतो आणि प्रत्येक गाडीचे वजन ऐकत राहतो.