चेनचा ट्रॅक्टर रान दाबतो?

दौंड-इंदापूरकडे जुन्या चेनच्या, म्हणजे चाकांऐवजी पोलादी पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचा विषय निघाला की कुणीतरी म्हणणारच, "रानात घालू नका, वजनानं जमीन दगड होते." वजन भरपूर असतं हे खरं, पण पुढचं चूक.

वजन किती जागेवर पडतं, हेही बघावं लागतं. समजा मशीन 3 टनांचं, 30 सेंमी रुंदीचे दोन पट्टे, प्रत्येकाचा दीड मीटर भाग जमिनीला टेकलेला. म्हणजे 9,000 चौ. सेंमी, दर चौ. सेंमीला सरासरी 330 ग्रॅम. चाकाच्या ट्रॅक्टरच्या टायरखाली हाच दाब सहज एक किलोच्या घरात जातो. मुळात 1904 साली कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्टनं वाफेच्या ट्रॅक्टरला पट्टे बसवले, ते मऊ जमिनीत चाकं रुतत म्हणूनच!

या ट्रॅक्टरची शौकीन मंडळी एक गोष्ट मात्र सांगायची गाळतात. जागेवर वळवला की पोलादी पट्टे माती खरवडून बाजूला ढीग लावतात. वाफसा नसताना तर काळ्या रानात कुठलंच यंत्र घालू नये.

घ्यायचाच असेल तर आधी वाकून चेन किती लोंबते ते बघा. चेनच्या कड्या जोडणारे पिना-बुश घासलेले असले तर खर्च तिथंच आहे.