विश्वास नाही, पण वाचता येतं का?

अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर 1937 साली एका जुन्या विहिरीत खापरांचे सुमारे 190 तुकडे सापडले. सगळ्यांवर एकच नाव कोरलेलं होतं : थेमिस्टोक्लीस. इराणी आरमाराला सॅलमिसच्या लढाईत पाणी पाजणारा तो अथेन्सचा नेता. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात तिथे एक चाल होती. एखादा पुढारी डोईजड होतोय असं वाटलं की नागरिक खापरावर त्याचं नाव कोरून देत. किमान 6000 खापरं पडायला लागत. तेवढी पडली की ज्याचं नाव सगळ्यात जास्त खापरांवर असे त्याला 10 वर्षं शहराबाहेर जावं लागे. आरोप नाही, खटला नाही, नुसती लोकांची नाराजी.

अभ्यासकांनी विहिरीतल्या खापरांवरचं अक्षर तपासलं तेव्हा गंमत कळली. ही सगळी नावं मिळून फक्त 14 हातांनी कोरलेली होती. म्हणजे कुणीतरी बसून तयार खापरं बनवली होती, मतदानाच्या दिवशी वाटायला. लिहिता न येणाऱ्यांची सोय म्हणून बनवली असतील, असंही म्हणता येतं. पण सोय एकाच नावाची होती, हे विसरून चालत नाही. लोकांचा राज्यकर्त्यांवरचा अविश्वास जितका जुना, तितकाच तो अविश्वास तयार करून हातात देणाराही जुना.

राज्यकर्तेही अविश्वासात मागे नव्हते. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो ते जसं कळत नाही, तसं अधिकारी पैसा केव्हा खातात ते कळत नाही, असं कौटिल्याने लिहून ठेवलं आणि अपहाराचे 40 प्रकार मोजून दाखवले. फरक एवढाच की हा संशय वरून खाली जाणारा होता. हिशेब राजाने मागायचा, प्रजेने नाही. प्रजेलाही कागद बघायचा हक्क आहे ही कल्पना कायद्यात यायला 1766 साल उजाडावं लागलं. स्वीडनने त्या वर्षी मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला आणि त्यात सरकारी दस्तऐवज नागरिकांना खुले केले. त्यामागे आन्देर्स ख्यूदेनियस नावाच्या एका धर्मोपदेशकाचा मोठा हात होता. सहाच वर्षांत राजाने सत्ता हाती घेतली आणि त्या कायद्याचे पंख कापले गेले, पण कल्पना टिकली. संशय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तो तपासायला मात्र कागद लागतो.

आजच्या अविश्वासाचं मूळ शोधायला गेलं तर बोट पहिल्या महायुद्धाकडे जातं. 1914 मध्ये ब्रिटिश सरकारने लंडनमधल्या वेलिंग्टन हाऊसमध्ये प्रचाराचं एक गुप्त कार्यालय उघडलं. सरकारचं नाव कुठेही न येता पुस्तकं, पत्रकं निघत राहिली. एप्रिल 1917 मध्ये लंडनच्या मोठ्या दैनिकांत एक भयंकर बातमी झळकली. जर्मन लोक आपल्याच मेलेल्या सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून त्यांची चरबी काढतात, अशी ती बातमी होती. तिचा एक धागा ‘काडावर’ या जर्मन शब्दात होता. तो शब्द जनावराच्या मढ्यासाठी वापरतात, पण भाषांतरात तो माणसाचा झाला. 1925 मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत मान्य केलं की या गोष्टीला आधार नाही.

खरी किंमत नंतर मोजावी लागली. मधल्या काळात एक अख्खी पिढी ‘अत्याचाराच्या बातम्या म्हणजे सरकारी थापा’ हे पाठ करून मोठी झाली होती. 1942 मध्ये युरोपातल्या ज्यूंच्या सरसकट कत्तलीची खबर लंडनला आणि वॉशिंग्टनला पोचू लागली, तेव्हा ती आधी अतिरंजित वाटली. 1943 मध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने या खबरांवर शंका घेताना मागच्या युद्धातल्या प्रेतांच्या चरबीच्या गोष्टीचा दाखलाच दिला. लांडगा आला रे या गोष्टीत लांडगा शेवटी खरोखर येतो, आणि खोटं बोललेल्या पोराबरोबर काहीही न केलेली मेंढरंही मरतात. म्हणून ‘मी कुणावरच विश्वास ठेवत नाही’ हे वाक्य मला शहाणपणाचं वाटत नाही. सगळं खरं मानणारा आणि सगळं खोटं मानणारा या दोघांनीही तपासायचे कष्ट वाचवलेले असतात.

तपासायची विद्या वाढली ती बातमीच मिळत नव्हती तिथे. सोव्हिएत रशियात ‘प्रावदा’ म्हणजे सत्य आणि ‘इझ्वेस्तिया’ म्हणजे बातम्या, अशी दोन मोठी दैनिकं होती. सत्यात बातम्या नाहीत आणि बातम्यांत सत्य नाही, हा तिथला जुना विनोद. तरीही लोक ती वाचत, फक्त वेगळ्या नजरेने. कोण कोणाच्या शेजारी उभं आहे, नावांची यादी कोणत्या क्रमाने छापली आहे, काल होतं ते आज कुठे नाही, हे बघायचं. जून 1953 च्या अखेरीस मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहात ऑपेराला आलेल्या नेत्यांची यादी छापून आली. तिच्यात गुप्त पोलिसांचा सर्वेसर्वा लावरेन्ती बेरिया नव्हता. जाणत्यांनी ओळखायचं ते ओळखलं. त्याला आदल्या दिवशीच पकडलं होतं. अधिकृत घोषणा जुलैत झाली. पुढे सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पानं पाठवण्यात आली. बेरियावरचं पान कापून त्या जागी ही चिकटवा, अशी सूचना होती. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची ऐसपैस माहिती होती. ज्यांनी ती चिकटवली त्यांना समुद्राबद्दल किती कळलं कोण जाणे, राजकारणाबद्दल बरंच कळलं असणार.

या वाचनाला मर्यादा होत्याच. रांगेत कोण कुठे उभा आहे ते कळे, रांगच का हलते आहे ते कळत नसे. क्रेमलिनच्या भिंतीपाशी लेनिनच्या समाधीवर उभे राहणारे नेत्यांचे चेहरे मोजण्यात हयात घालवलेल्या पाश्चात्त्य तज्ज्ञांपैकी बहुतेकांना ते राज्य कोसळेल याचा अंदाज आला नव्हता.

अमेरिकेत चित्र उलटं होतं. तिथे कागदांचा महापूर, पण ते वाचण्याचा कंटाळा. आय. एफ. स्टोन नावाच्या पत्रकाराने 1953 मध्ये स्वतःचं छोटं साप्ताहिक सुरू केलं. त्याला ऐकायला कमी येई, त्यामुळे पत्रकार परिषदांपेक्षा छापील कागद बरा वाटे. सुनावण्यांचे वृत्तांत, समित्यांचे अहवाल, बातमीच्या तळाशी पडलेल्या चार ओळी हेच त्याचं खाद्य. सप्टेंबर 1957 मध्ये नेवाडात जमिनीखाली अणुस्फोट झाला. चाचणीबंदीची चर्चा चालू असताना, पुढच्या वर्षी अणुऊर्जा आयोगाने सांगितलं की त्याचे हादरे 200 मैलांपलीकडे जाणवले नाहीत. म्हणजे जमिनीखालच्या चाचण्या लांबून पकडता येणार नाहीत, मग बंदीचा उपयोग काय? स्टोनला स्फोटाच्या वेळच्या दोन-चार ओळींच्या परदेशी बातम्या आठवत होत्या. हादरा दूरच्या देशांतही नोंदला गेल्याचं त्यांत होतं. तो सरकारच्याच भूमापन खात्यातल्या भूकंपतज्ज्ञांकडे गेला आणि नोंदी मागितल्या. दोन हजार मैलांहून दूर असलेल्या अलास्कात हादरा नोंदला गेला होता. आयोगाला विधान दुरुस्त करावं लागलं. फुटलेली गुप्त फाईल नव्हती की अंधारात भेटलेला माणूस नव्हता. एका खात्याचं बोलणं दुसऱ्या खात्याच्या नोंदीशी ताडून पाहिलं, इतकंच.

त्या वेळी अशा माणसांची गरज कुणाला फारशी वाटत नव्हती. 1958 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा ‘सरकारवर विश्वास आहे का’ हा प्रश्न नीट विचारला गेला, तेव्हा सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं चारांतले जवळपास तिघे म्हणाले. 1964 मध्ये हा आकडा 77 टक्क्यांवर गेला. मात्र तडे आधीच पडायला लागले होते. मे 1960 मध्ये सोव्हिएत हद्दीत पाडलेलं अमेरिकेचं यू-2 हेरविमान हवामानाच्या अभ्यासाचं असल्याचं सरकारने सांगितलं आणि वैमानिक जिवंत हाती लागल्याचं सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी जाहीर करताच सरकार तोंडघशी पडलं. 1964 च्या ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला केल्याचं सांगून संसदेकडून युद्धाची मोकळीक घेतली गेली. तो हल्ला झालाच नव्हता. 1971 मध्ये व्हिएतनाम युद्धाचा सुमारे 7000 पानांचा गुप्त अहवाल वृत्तपत्रांत आला. लोक हादरले ते शत्रूने काही उघड केलं म्हणून नव्हे. सरकार स्वतःशी एक बोलत होतं आणि जनतेशी दुसरं, हे सरकारच्याच कागदावर दिसलं. मग विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीचं वॉटरगेट प्रकरण, आणि 9 ऑगस्ट 1974 ला अध्यक्ष निक्सन यांचा राजीनामा. त्या वर्षी विश्वासाचा आकडा 36 टक्के होता. अलीकडच्या पाहण्यांत तो 20 टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

मध्ये एकदा तो उसळला होता. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर काही आठवडे निम्म्याहून जास्त अमेरिकन पुन्हा सरकारवर विश्वास ठेवू लागले. भीती वाटली की माणूस छत्र शोधतो. त्यानंतर दीड वर्षाच्या आत इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचा दावा संयुक्त राष्ट्रांत मांडला गेला. युद्ध सुरू होण्यापूर्वी, 7 मार्च 2003 ला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत जाहीरपणे सांगितलं होतं की इराकने नायजरकडून युरेनियम मागवल्याची कागदपत्रं खरी नाहीत. इथे पाणी मुरतंय हे त्याच दिवशी दिसू शकत होतं. बातमी दडवलेली नव्हती. तिच्याकडे बघणारे कमी होते, आणि त्या दिवसांत घाई फार होती.

रशियातल्या सामान्य माणसाला मात्र बघायची सवय अंगी मुरली होती. 10 नोव्हेंबर 1982 ला टीव्हीवरचा ठरलेला करमणुकीचा कार्यक्रम अचानक गायब झाला, तेव्हाच घरोघरी कुजबुज सुरू झाली. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह गेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी आली. 19 ऑगस्ट 1991 ला सकाळी टीव्ही लावला तर ‘स्वान लेक’ हा बॅले चाललेला. संध्याकाळी गोर्बाचेव्ह यांना बाजूला सारून सत्ता हाती घेतलेल्या समितीची पत्रकार परिषद दाखवली गेली. उपाध्यक्ष गेन्नादी यानायेव समितीतर्फे बोलत होते ते कमी लोकांना आठवतं. त्यांचे थरथरणारे हात सगळ्यांना आठवतात. तीन दिवसांत ते बंड संपलं.

मार्च 2022 मध्ये मॉस्कोतल्या दोझ्द या स्वतंत्र वाहिनीला प्रक्षेपण थांबवावं लागलं. कर्मचारी स्टुडिओतून उठून गेले आणि पडद्यावर ‘स्वान लेक’चा जुना तुकडा लागला. त्याचा अर्थ प्रेक्षकांना कुणी समजावून सांगितला नाही.