प्रोग्रॅमिंग लँग्वेजेसचा कोर्स कसा बदलत गेला: ब्राउन विद्यापीठाचं उदाहरण

पुण्यात कम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्यांना ‘पीपीएल’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्रिन्सिपल्स ऑफ प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस हा दुसऱ्या वर्षाचा विषय, आणि तो बदलत गेला ‘पॅटर्न’बरोबर, म्हणजे विद्यापीठ दर काही वर्षांनी नव्याने ठरवतं त्या अभ्यासक्रमाबरोबर: आधी २०१५ पॅटर्न, मग २०१९. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मात्र प्रा. श्रीराम कृष्णमूर्ती हाच विषय वीसहून अधिक वर्षं स्वतःच मोडत आणि पुन्हा बांधत आले आहेत.

विषय तसा जुना. एसीएम या संगणकशास्त्रातल्या संघटनेने १९६८ साली सुचवलेल्या अभ्यासक्रमात तो स्वतंत्र कोर्स म्हणून होताच. पुढे शिकवण्याच्या दोन रीती पडल्या. एकीत भाषांची ओळखपरेड: थोडं लिस्प, थोडं प्रोलॉग, थोडं सी++, आणि प्रत्येकीच्या गळ्यात ‘पॅरडाइम’ची, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या शैलीची, पाटी. दुसरीत विद्यार्थ्याने छोट्याशा भाषेचा इंटरप्रिटर (त्या भाषेतले प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम) स्वतः लिहायचा आणि त्यात एकेक सोय वाढवत न्यायची: फंक्शन, ऑब्जेक्ट, टाइप (आकडा, मजकूर असे मूल्यांचे प्रकार). जॉन रेनॉल्ड्स यांचा १९७२ चा निबंध हा या रीतीचा मोठा आधार.

कृष्णमूर्तींच्या याच विषयावरच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती (२००७) वर्गातल्या टिपणांतूनच वाढली आणि तिने दोन्ही रीती एकत्र आणल्या. इंटरप्रिटर स्कीम या भाषेत लिहायचे. शिवाय हॅस्केल आणि प्रोलॉग यांचीही ओळख. मग २००८ मध्ये त्यांनी एका लेखात पॅरडाइमची वर्गवारीच निकालात काढली. पायथन किंवा जावास्क्रिप्ट कोणत्या एका खणात बसवणार? भाषा म्हणजे वैशिष्ट्यांची जुळणी, तेव्हा शिकवायची ती वैशिष्ट्यं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पॅरडाइमच्या व्याख्या पाठ करून मार्क मिळतात, पण क्लोजर (आजूबाजूचे व्हेरिएबल लक्षात ठेवणारं फंक्शन) कळत नाही.

२०१२ ची दुसरी आवृत्ती याच विचारावर उभी आहे. इंटरप्रिटर लिहिण्याची भाषाही बदलली; आता प्रोग्रॅम चालवण्याआधीच टाइप तपासून घेणारी भाषा आली. त्याच सुमारास खेळण्यातल्या भाषांवरून खऱ्या भाषांकडे मोर्चा वळला. पायथनचे नेमके अर्थनियम मांडणारा एक शोधनिबंध २०१३ मध्ये आला, त्यात विद्यार्थ्यांचाही हात होता. पायथनमधले स्कोपचे, म्हणजे कोणतं नाव प्रोग्रॅममध्ये कुठे दिसतं याचे, नियम किती चमत्कारिक आहेत, हे त्यातून चांगलंच उघडं पडलं.

पुढचा बदल मला सगळ्यांत धीट वाटतो. इंटरप्रिटर लिहिणारा पोरगा ठरलेले नियम कोडमध्ये उतरवतो. अनोळखी भाषा समोर आली की तिचे नियम हुडकणं हे वेगळंच काम. म्हणून ‘मिस्टरी लँग्वेजेस’ आल्या. वाक्यरचना तीच, पण आत वागणूक वेगवेगळी असलेल्या काही भाषा समोर ठेवायच्या. त्यांच्यातला फरक उघडा पाडणारे प्रोग्रॅम विद्यार्थ्याने लिहायचे. या पद्धतीवरचा निबंध २०१७ चा.

अलीकडे भर आहे तो जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, रॅकेट अशा भाषांत समान असलेल्या गाभ्यावर. त्याला ते ‘स्टँडर्ड मॉडेल ऑफ लँग्वेजेस’ म्हणतात. इथे अभ्यासाचा रोख विद्यार्थ्यांच्या ठरावीक गैरसमजांकडे वळला. उदाहरणार्थ, फंक्शनला अ‍ॅरे (मूल्यांची यादी) दिला की त्याची प्रत जाते, असं अनेकांना वाटतं. मग फंक्शनने आत एक आकडा बदलला आणि बाहेरचा अ‍ॅरेही बदलला, की त्यांना बग कुठे आहे ते सापडत नाही. असे गैरसमज हेरून दुरुस्त करण्यासाठी आता वेगळा ऑनलाइन ट्यूटरच तयार केला आहे.