गोवर्धन ते म्हसरूळ : नाशिकच्या विद्यापीठांमागचा इतिहास

नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाताना लागणारे गोवर्धन हे गाव आज यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे ओळखले जाते. परंतु पांडवलेण्यांतील शिलालेखांत येणारे गोवर्धन ते हेच, असे अभ्यासक मानतात. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात कोरविलेल्या दानलेखानुसार, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापणे (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून देण्यात आली. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक, तर १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापणे पहिल्या ठेवीच्या व्याजातून मिळायची होती. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस गुणिले बाराही तेवढेच, म्हणजे हिशेब आजही पैन् पै जुळतो. अध्ययनात रमलेल्या भिक्षुसंघाचा खर्च गावातल्या मागांवर चालावा, अशी ही व्यवस्था होती.

पुढे नाशिकची ओळख क्षेत्र म्हणून रुजली. येथे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि घाटावर जाणारा माणूस आजही ‘गंगेवर जाऊन येतो’ असे सांगून घराबाहेर पडतो. रामकुंडाच्या परिसरातील बरीच मंदिरे पेशवाईतली आहेत. नारोशंकराच्या देवळावरची पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण म्हणून दाखविली जाते. तिच्याइतकाच प्रसिद्ध आहे तो नदीपात्रातला दुतोंड्या मारुती : पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला की छातीला, यावर पुराचा अंदाज बांधला जातो आणि धरणातून किती क्युसेकने विसर्ग सोडला याच्या आकड्यापेक्षा जुन्या नाशिककरांना हे माप अधिक भरवशाचे वाटते. घाटावरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असलेल्या वह्या आहेत. माझ्या मते शहरातले सर्वांत दुर्लक्षित दप्तर हेच.

या क्षेत्रातली विद्या मात्र सर्वांसाठी खुली नव्हती आणि देऊळही नव्हते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. तोपर्यंत आधुनिक शिक्षणाची पायाभरणी झालेली होती. सार्वजनिक वाचनालय १८४० चे, मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, तर गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे आजचे एचपीटी, १९२४ चे आहे. कुसुमाग्रज याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. मुंबई विद्यापीठाच्या छायेत वाढलेली ही महाविद्यालयीन परंपरा १९४९ नंतर पुणे विद्यापीठाकडे गेली.

नाशिकला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९८९ मध्ये. प्रा. राम ताकवले हे मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आणि ‘ज्ञानगंगोत्री’ हे परिसराचे नाव, दोन्ही नदीवरूनच सुचलेली दिसतात. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची सोय या विद्यापीठाने केली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या अनेकांना पदवीपर्यंत जाता आले. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय म्हसरूळला, जैन लेण्यांच्या चामर लेणी डोंगराच्या बाजूला आले.

तरीही नाशिकमध्ये विद्यापीठनगरीची गजबज या दोन्ही परिसरांभोवती फारशी जाणवत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या रचनेतच आहे. एकाचे विद्यार्थी राज्यभरातल्या अभ्यासकेंद्रांत शिकतात, तर दुसऱ्याचे राज्यभरातल्या संलग्न वैद्यकीय, दंत, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालयांत. कॉलेज रोडवर संध्याकाळी मिसळीच्या आणि चहाच्या टपऱ्यांपुढे जी गर्दी दिसते, तिच्यातल्या बहुतेकांच्या पदवीपत्रावर नाव असते ते पुण्याच्या विद्यापीठाचे.