पारा दहाचा पाच झाला, गॅस दुप्पट का जळला?

ब्रिटनमध्ये हिवाळ्याचं गॅसबिल आलं की हा प्रश्न हमखास निघतो. मीटरवर संशय घेण्याआधी हिशेब बघू.

घरातून निसटणारी उष्णता आत-बाहेरच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असते. समजा, भिंती, खिडक्या, छप्पर आणि फटी मिळून एका घरातून दर अंशामागे 200 वॅट जातात. आत 20 अंश राखायचे आहेत. बाहेर 10 असताना 2000 वॅट जातील, 5 असताना 3000. ही झाली दीडपट. पण माणसं, फ्रिज, स्वयंपाक, खिडकीतलं ऊन यांची मिळून 900 वॅट उष्णता फुकट मिळते असं धरा. ती वजा केली की घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरच्या वाट्याला 1100 आणि 2100 वॅट येतात. जवळजवळ दुप्पट!

आता 900 ला 200 ने भागा. उत्तर 4.5. आतल्या 20 मधून ते वजा करा, म्हणजे बाहेर 15.5 अंश असेपर्यंत बॉयलर लागतच नाही. दिवसाची सरासरी ठरलेल्या पायापेक्षा जितके अंश खाली, तितके त्या दिवसाचे ‘हीटिंग डिग्री-डे’; ब्रिटनमध्ये ते मोजताना हाच 15.5 चा पाया धरायची रूढी आहे. दिवसाची सरासरी 5.5 असेल, तर त्या दिवसाचे 10 डिग्री-डे. 10 × 200 × 24 म्हणजे 48 किलोवॅट-तास. बॉयलर 90 टक्के कार्यक्षम असेल तर गॅस सुमारे 53.

दर आठवड्याला ठरलेल्या वारी मीटर वाचा आणि आलेख काढा. आडव्या अक्षावर आठवड्याचे डिग्री-डे, उभ्यावर किलोवॅट-तासांत गॅस. ठिपक्यांमधून काढलेली रेषा उभ्या अक्षाला छेदते तो आंघोळीचा आणि स्वयंपाकाचा गॅस. रेषेचा चढ ही घराची गळती. चढ 5.3 आला, तर 5.3 × 0.9 ÷ 24 म्हणजे सुमारे 0.2 किलोवॅट, तेच दर अंशामागचे 200 वॅट. ठिपके फार विखुरले, तर कुठेतरी खिडकी उघडी राहते आहे किंवा थर्मोस्टॅटची सेटिंग सारखी बदलते आहे.

‘थर्मोस्टॅट एक अंशाने उतरवा, अमुक टक्के वाचवा’ अशा जाहिरातींवर विसंबू नका. या घरात रोज 4.8 किलोवॅट-तास उष्णता वाचेल, पण बाहेर 5 असताना ती साडेनऊ टक्के भरते आणि 10 असताना अठरा. हवामान अॅपमधलं ‘जाणवणारं तापमान’ही इथे निरुपयोगी, ते उघड्या त्वचेसाठी असतं. वारा घराला थंड करतो तो मुख्यतः फटींतून.

छपराखाली आणि भिंतींत जाड इन्सुलेशन घालून गळती 100 वॅटवर आणली, तर 900 ÷ 100 = 9. मग बॉयलर थेट 11 अंशांखाली सुरू होतो, आणि 15.5 च्या पायावर काढलेली जुनी रेषा चुकते. अशा घरासाठी डिग्री-डे 11 च्या पायावर नव्याने मोजावे लागतात.