परक्या मागावर मानवी प्रथिनं

सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डच्या मागावर चढवलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. पुठ्ठे बदलले की त्याच मागावर दुसरी नक्षी उतरते. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत मानवी जनुक घालून प्रथिन कसं मिळवतात, हे इथल्या मुलांना सांगताना मी हेच उदाहरण देतो. घरात कुणी ना कुणी मागावर बसलेलं असतं, त्यामुळे लगेच पटतं.

बाहेरचं जनुक जिवाणूत टिकतं आणि वाढतं, हे १९७३ मध्ये कोहेन आणि बोयर या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण त्यावरून मानवी प्रथिन खरंच विणलं जाईल का? १९७७ मध्ये इताकुरा, रिग्ज आणि बोयर यांनी सोमॅटोस्टॅटिन निवडलं. अवघ्या १४ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक. ते पहिल्यांदा वेगळं काढताना गियमाँ या शास्त्रज्ञाच्या गटाला काही मिलिग्रॅमसाठी सुमारे पाच लाख मेंढ्यांचे मेंदू लागले होते. या तिघांच्या गटाने जनुक रसायनांपासूनच जुळवलं, जिवाणूत घातलं, आणि हाती काहीच आलं नाही. एवढा चिमुकला तुकडा जिवाणूची स्वतःची विकरं तोडून टाकत होती. मग त्यांनी तो जिवाणूच्याच एका मोठ्या प्रथिनाला जोडला आणि नंतर सायनोजेन ब्रोमाइड या रसायनाने मिथिओनिन या अमिनो आम्लापाशी कापून सुटा केला. मला या सगळ्या इतिहासात हीच युक्ती सर्वांत मोलाची वाटते.

पुढच्याच वर्षी इन्सुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंत बनवून जोडल्या गेल्या. १९८२ मध्ये ते इन्सुलिन औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं.

संशोधनासाठीची प्रथिनं सोपी झाली ती त्यानंतर. १९८६ मध्ये स्टुडियर आणि मोफॅट यांनी टी७ या विषाणूचं आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत काढणारं विकर, ई. कोलायमध्ये बसवलं. त्यामुळे हवं ते जनुक हव्या त्या वेळी जोरात चालू करता येऊ लागलं. १९८८ च्या सुमारास प्रथिनाला सहा हिस्टिडिनची (हे निकेलला चिकटणारं अमिनो आम्ल) शेपटी लावून निकेल भरलेल्या नळीत, म्हणजे स्तंभात, ते पकडण्याची पद्धत आली. जोडून ठेवण्याची ती जुनी युक्ती इथे गाळणीच्या कामी आली.

तरी माग परका तो परकाच. ई. कोलाय मानवी पेशीसारख्या साखरेच्या साखळ्या प्रथिनावर चढवत नाही. घाईत बनलेलं प्रथिन नीट घडी न पडता गोळा होऊन बसतं. म्हणून ३७ अंशांवरची वाढ पुष्कळदा १८ अंशांवर आणतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये त्यासाठी थंड करणारा शेकरच (जिवाणू वाढताना हलवत ठेवणारं यंत्र) लागतो, नुसता पंख्याखाली ठेवलेला चालत नाही.

आणखी एक गोष्ट मी मुलांना पुन्हापुन्हा सांगतो. ई. कोलायच्या बाह्य आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य प्रथिनासोबत कुपीत येऊ शकतं, आणि त्याच्या अगदी थोड्या अंशानेही रोगप्रतिकारक पेशी चेततात. पेशींवर प्रथिन टाकायचं असेल, तर शुद्धतेच्या टक्केवारीआधी कुपीसोबतच्या कागदावर एंडोटॉक्सिनचा आकडा शोधावा. आणि त्याच प्रयोगात तेच प्रथिन उकळून घेतलेला एक नमुनाही ठेवावा. बहुतेक प्रथिनं उकळल्याने बिघडतात, एंडोटॉक्सिन सहसा टिकून राहतं. उकळल्यावरही पेशी तशाच चेतल्या, तर परिणाम बहुधा प्रथिनाचा नव्हता.